श्री शिल्लक

पेडण्याच्या आमच्या जुन्या घरात देवखोलीच्या भिंतीतील कोनाड्यात पत्र्याचे दोन डबे असत. एक पिवळा, दुसरा रंग उडून करडा पडलेला. पिवळा डबा घरचा होता आणि करडा देवाचा. माझे वडील गावच्या देवस्थानाचे खजिनदार होते आणि त्यांच्यापूर्वी माझे आजोबाही होते. देवस्थानाची मोठी पेटी देवळातच असे. तिला तीन कुलपे होती आणि तीन किल्ल्या तीन निरनिराळ्या घरी राहत; त्यामुळे ती उघडावयाची म्हणजे तिघांना एकत्र यावे लागे. परंतु रोजचे तेल-वात, भटांची दक्षिणा, जत्रेच्या आधी वाजंत्र्यांना द्यावयाचा विसार अशा किरकोळ खर्चासाठी थोडी रक्कम खजिनदाराच्या हाताशी ठेवीत. ती ह्या करड्या डब्यात असे.

एकदा शाळेच्या सहलीसाठी मला पन्नास रुपये हवे होते. महिनाअखेर होती आणि पिवळा डबा रिकामा होता. मी करड्या डब्याकडे बोट दाखवून म्हटले, "ह्यात तर आहेत की!" वडील रागावले नाहीत. "बाय, देवाचे पयशे देवाचे, घरचे घरचे," एवढेच ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी घरचे नारळ बाजारात धाडून त्याचे पैसे त्यांनी माझ्या हातावर ठेवले. त्या वयात मला हा निव्वळ हट्ट वाटला. दोन डबे एकाच कोनाड्यात, एकाच माणसाच्या ताब्यात. एकातून काढून उद्या परत ठेवले तर कोणाचे काय जाणार? हा प्रश्न मी मनात तसाच ठेवून दिला. तो मला पुन्हा भेटला तो पुष्कळ वर्षांनी, डिचोलीत, संगणकाच्या पडद्यावर.

हिशेबाचे वळण मला घरातूनच मिळाले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके नव्या काबिजादींतले. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगीज अमलाखाली आले. त्यामुळे जुन्या काबिजादींवर सोळाव्या शतकात कोसळलेल्या आपत्तीतून इथली देवळे वाचली, आणि देवळांबरोबर त्यांची दप्तरे लिहिण्याची रीतही टिकली. पुढे १९३३ च्या महाजनी कायद्याने ह्या कारभाराला कायमचा साचा दिला. दर तीन वर्षांनी महाजनांनी आपली समिती निवडावी, वर्षाचे अंदाजपत्रक करावे, जमाखर्च लिहावा आणि सरकारी अधिकाऱ्याने, म्हणजे आजच्या मामलेदाराने, त्यावर देखरेख ठेवावी, असा तो साचा होय. राज्य बदलले, पण कायदा तोच राहिला.

आजोबांची एक लांबट वही अजून आमच्याकडे आहे. तिच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'श्री' आहे आणि प्रत्येक दिवसाची सुरुवात 'श्री शिल्लक' ह्या शब्दांनी होते. काल रात्री हातात जे उरले तेच आज सकाळी पहिल्या ओळीत उभे राहावयाचे, आणि त्याच्या मागे 'श्री' लावावयाचा, ही आपल्या रोजकीर्दीची जुनी चाल. त्या एका वहीत तीन चलने नांदली आहेत. आरंभी रुपये आणि टांगा आहेत, सोळा टांग्यांचा एक रुपया. १९५९ पासून एस्कुद आणि सेंताव येतात. सहा एस्कुदांचा एक जुना रुपया ह्या दराने आजोबांनी आदल्या दिवसाची शिल्लक एका रात्रीत फिरवून लिहिली आहे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि नंतरच्या पानांवर भारतीय रुपये व नवे पैसे दिसू लागतात. ह्या सर्व उलथापालथीत एकाही पानावर खाडाखोड नाही. जेथे चूक झाली तेथे आकड्यावरून एकच बारीक रेघ ओढलेली, खालचा चुकीचा आकडा स्वच्छ वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा आणि आजोबांची सही.

मी मात्र वही लिहीत नाही. मी एक्सेल वापरते.

माझे संशोधन मातीवर आहे. डिचोली तालुक्यात मयें, मुळगाव, शिरगाव ह्या भागांतील भातशेतांत खाणींवरचा लाल गाळ वर्षानुवर्षे पावसाच्या पाण्याबरोबर उतरला. त्या शेतांच्या मातीत आज काय शिल्लक आहे, ती पुन्हा पूर्वीसारखी पिकेल काय, हे मी तपासते. आणि तुलनेसाठी पेडण्याकडील शापोऱ्याच्या काठची खाजने घेते, जेथे बांध आणि मानस ह्यांच्या आधाराने खारट जमिनीतही कोरगुट भात उभे राहते. ह्या कामासाठी मला शिष्यवृत्ती मिळते. विज्ञानातील कनिष्ठ संशोधकाची ही शिष्यवृत्ती पूर्वी दरमहा ३१,००० रुपये होती. १ जानेवारी २०२३ पासून ती ३७,००० झाली, घरभाडे त्याशिवाय. कागदावर ही रक्कम वाईट नाही. परंतु मंजूर झालेला पैसा आणि हातात आलेला पैसा ह्यांच्यामध्ये किती महिने मावतात, हे ज्याने शिष्यवृत्तीवर दिवस काढले त्यालाच ठाऊक.

ह्याखेरीज प्रकल्पाचा पैसा असतो. तो निरनिराळ्या शीर्षांखाली येतो: उपकरणे, प्रयोगशाळेतील खर्चाच्या वस्तू, प्रवास, किरकोळ खर्च. एका शीर्षाचा पैसा दुसऱ्या शीर्षावर आपल्या मनाने टाकता येत नाही. वर्षाच्या शेवटी, ३१ मार्चनंतर, उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. ज्या कामासाठी पैसा दिला त्याच कामासाठी तो खर्च झाला, असे संस्थेने सहीनिशी सांगावयाचे. ते पोहोचल्यावाचून पुढचा हप्ता निघत नाही. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे अनुदान बँकेत पडून राहिल्यामुळे मिळालेले व्याजदेखील सरकारजमा करावे लागते. हा नियम मी प्रथम वाचला तेव्हा मला हसू आले होते. व्याजाचे ते चार रुपये सरकारला कशाला हवेत?

आणि तिसरा पैसा घरचा. माझ्या भावाने २००९ मध्ये कर्ज काढून ट्रक घेतला आणि तो डिचोलीच्या खाणींवर लावला. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. मधल्या काळात थोडे दिवस चाके फिरली. २०१८ च्या मार्चमध्ये ती पुन्हा थांबली आणि ट्रक विकावा लागला. विकूनही कर्जाची शेपटी उरलीच. तेव्हापासून घराच्या खर्चात माझा वाटा मोठा झाला: कर्जाचा हप्ता, आईची औषधे, विजेचे बिल, डिचोलीतील माझ्या खोलीचे भाडे, आणि देवकार्य. चवथ, जत्रा, पालखीची पाळी ह्यांना आमच्याकडे वेगळा रकाना आहे. तो कितीही तंगी आली तरी रिकामा राहत नाही.

हे तीन ओघ सांभाळण्यासाठी मी संगणकावर एक कोष्टक मांडले. ह्या साधनाचा जन्म मोठा मौजेचा आहे. १९७८ साली डॅन ब्रिकलिन नावाचा एक तरुण हार्वर्डच्या व्यापारशिक्षणाच्या विद्यालयात शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडीत. एखादा आकडा चुकला की त्याच्या पुढचे सारे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. एक आकडा बदलताच बाकीचे आपोआप बदलतील असा फळा असता तर, असे त्याच्या मनात आले. त्याने बॉब फ्रँकस्टन ह्या मित्राच्या मदतीने तो फळा तयार केला आणि १९७९ मध्ये तो व्हिसिकॅल्क ह्या नावाने विकावयास आला. पुढे लोटस आले, १९८५ मध्ये एक्सेल आले. आज पेडण्याच्या बाजारातला दुकानदारही एक्सेलचे नाव घेतो. मुळात ती आपली रोजकीर्द आणि खतावणीच. फक्त बेरीज करणारा कारकून तिच्या पोटात बसला आहे.

परंतु ह्या कारकुनाचे काही गुण विचित्र आहेत. तो कधी थकत नाही, पण त्याला समजतही काही नाही. मयें गावाच्या शेतांतून आणलेल्या मातीच्या नमुन्यांना मी गावाच्या रोमन नावातील पहिली तीन अक्षरे, एम, ए, वाय, आणि पुढे एक, दोन, तीन असे क्रमांक दिले होते. संध्याकाळी पाहते तो मयेंची माती नाहीशी झाली होती आणि तिच्या जागी १ मे, २ मे, ३ मे अशा तारखा उभ्या होत्या! कारकुनाने ती अक्षरे इंग्रजी महिना समजून घेतली होती. मला वाटले, हा माझाच गावंढळपणा. पण जगातील मोठमोठे शास्त्रज्ञ ह्याच खड्ड्यात पडले आहेत. मानवी जनुकांपैकी काहींची नावे मार्च आणि सप्टेंबर ह्या महिन्यांसारखी दिसत; एक्सेल त्यांच्या तारखा करी. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावे बदलली. यंत्र शहाणे होईना, तेव्हा निसर्गाचे बारसे पुन्हा करावे लागले.

हा झाला विनोदाचा भाग. पुढचे सांगताना मला अजून थोडे अवघडल्यासारखे होते.

२०२४ च्या मार्चनंतर माझी शिष्यवृत्ती आली नाही. एप्रिल गेला, मे गेला, पाऊस सुरू झाला. जुलैमध्ये भाताच्या शेतांतील नमुने घेण्यासाठी प्रकल्पातून ४०,००० रुपयांची तसलमात माझ्या नावे निघाली आणि माझ्या बँकेच्या खात्यात जमा झाली. खाते एकच होते. त्याच खात्यात घरचा पैसाही होता. माझ्या कोष्टकात मात्र दोन पाने होती, एक 'घर' आणि एक 'प्रकल्प', आणि तेवढे पुरेसे आहे असे मला वाटे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गाडीभाडे, मजुरी आणि नमुन्यांच्या पिशव्या मिळून १२,६०० रुपये खर्च झाले आणि प्रकल्पाच्या पानावर २७,४०० रुपये शिल्लक राहिले. घराच्या पानावर शिल्लक दिसत होती १८,९०० रुपये. पाच महिने पगार नसताना हे बरेच आहे, असे मी स्वतःशी म्हणाले देखील.

नागपंचमीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्टला, वडिलांच्या छातीत दुखू लागले. भाऊ त्यांना घेऊन म्हापशाच्या बाजूला एका खाजगी रुग्णालयात गेला आणि मी डिचोलीहून तेथे पोहोचले. रात्रीचा एक वाजला होता. खिडकीतल्या माणसाने आधी २०,००० रुपये भरावयास सांगितले. मी मोबाइल काढला, कोष्टक उघडले, १८,९०० हा आकडा पाहिला. कमी पडणारे ११०० रुपये प्रकल्पातून जातील, दोन दिवसांत भरून टाकीन, असा विचार क्षणभर मनात आला. तो विचार होता असेही म्हणवत नाही. मी पैसे भरले. वडिलांना आत नेले. झटका सौम्य होता, आणि पहाटे डॉक्टरांनी धोका टळल्याचे सांगितले.

तिसऱ्या दिवशी बँकेचे शिलकीचे पान पाहिले आणि माझे हातपाय गार पडले. खात्यात १३,५५० रुपये होते. प्रकल्पाचे २७,४०० असावयास हवे होते. घराचा एक पैसा उरला नाही असे धरले तरी ११०० च कमी पडावयाचे होते. मी कोष्टक पुन्हा तपासले. घराच्या पानावर खर्चाची बेरीज साठाव्या ओळीपर्यंतच होत होती. नोंदी मात्र चौऱ्याहत्तराव्या ओळीपर्यंत गेल्या होत्या. शेवटच्या चौदा ओळींतील १२,७५० रुपये त्या कारकुनाने कधी मोजलेच नव्हते. घरची खरी शिल्लक १८,९०० नव्हे, ६१५० होती. म्हणजे मी प्रकल्पाचे ११०० नव्हे, १३,८५० रुपये उचलले होते.

अशा चुका थोरांकडूनही झाल्या आहेत. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये राष्ट्रांच्या कर्जावर एक निबंध लिहिला. कर्ज एका मर्यादेपलीकडे गेले की देशाची वाढ खुंटते, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि काटकसरीच्या धोरणांचे समर्थन करताना अनेक देशांतील राज्यकर्त्यांनी त्याचा आधार घेतला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन नावाच्या एका विद्यार्थ्याने त्यांचे कोष्टक मागवून पाहिले, तो सरासरीच्या सूत्रातून पाच देश वगळलेले निघाले. सूत्राची हद्द ओळींच्या शेवटापर्यंत पोहोचलीच नव्हती. निबंधात इतरही वादाचे मुद्दे होते, परंतु ही चूक लेखकांनी मान्य केली. मी ही हकीकत पूर्वी वाचली होती, दोन विद्यार्थ्यांना रंगवून सांगितलीही होती. दुसऱ्याच्या कोष्टकातली ओळ सुटलेली आपल्याला चटकन दिसते.

तथापि सूत्राची चूक ही माझी खरी चूक नव्हती, हे मला त्याच दिवशी कळत होते. ११०० असोत की १३,८५०. तो पैसा माझा नव्हता.

अकराव्या दिवशी, १९ ऑगस्टला, सुताच्या पुनवेला भाऊ पैसे घेऊन आला. आईने पतसंस्थेतील आपली मुदतठेव मोडली होती. मी १३,८५० रुपये खात्यात भरले. प्रकल्पाच्या २७,४०० रुपयांना आता कोठेही धक्का नव्हता. मजुरांची मजुरी वेळेवर गेली होती, एकही नमुना चुकला नव्हता, आणि ३१ मार्च पुष्कळ दूर होता. त्या रात्री मी कोष्टक उघडून बसले. घराच्या पानावर उणे १३,८५० हा आकडा तांबड्या अक्षरांत उभा होता. ८ तारखेची आणि १९ तारखेची अशा दोन ओळी खोडल्या, रुग्णालयाच्या नोंदीची तारीख अकरा दिवस पुढे ढकलली, की तो तांबडा आकडा नाहीसा होणार होता. कोणालाही कळले नसते. आजोबांच्या वहीत खोडलेल्या आकड्याचा व्रण राहतो. माझ्या वहीत काही राहत नाही. पान पुन्हा कोरे, पांढरे, निर्मळ. त्या पांढरेपणाची मला त्या रात्री प्रथमच भीती वाटली. मी काही खोडले नाही, पण काही करू देखील शकले नाही. यंत्र मिटून झोपले.

पुढच्या रविवारी पेडण्यास गेले. वडील ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, "बाय, त्या रातीचे पयशे खंयचे?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ शकले असते. परंतु चाळीस वर्षे जमाखर्च पाहिलेल्या माणसाला आकड्यातील थरथर आवाजातही ऐकू येते. मी सगळे सांगितले.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "बरयलां मगे?"

लिहिले होते. मी यंत्र उघडून त्यांच्या मांडीवर ठेवले. चष्मा पुसून त्यांनी ओळी वाचल्या, तांबड्या आकड्यावर बोट ठेवले, आणि विचारले, "इथे चुकीवर रेघ कशी ओढतात?" मी म्हटले, "इथे रेघ ओढत नाहीत. पुसतात." त्यांना ते बरे वाटले नाही. ते म्हणाले, "मग ही वही एकट्याने लिहिण्याची नव्हे."

स्वयंपाकघरातून आई आली होती. तिने सांगितले ते मी पूर्वी कधी ऐकले नव्हते. भाऊ वर्षाचा असताना एका रात्री त्याला ताप चढून आचके येऊ लागले. जत्रा नुकतीच आटोपलेली; करडा डबा भरलेला होता आणि पिवळ्यात म्हापशाला जाण्यापुरतेही भाडे नव्हते. आईने हात जोडले, देव काय आपल्या लेकरासाठी नाही म्हणेल, म्हणाली. वडील कंदील घेऊन वाड्यावरच्या शेजाऱ्याकडे गेले, त्यांना झोपेतून उठवले आणि पैसे उसने आणले. "पाव तास गेला," आई म्हणाली. तो पाव तास ती अजून विसरलेली नाही, हे तिच्या स्वरावरून कळत होते.

मी मान खाली घातली. मला वाटले, आता ते आपल्या त्या रात्रीचा दाखला देतील. परंतु वडील म्हणाले, "त्या रात्री मला शेजारी होता. हिला तिथे कोण होते?" आणि थोड्या वेळाने, "लिहिलेस, बरे केलेस. पण लिहिल्याने चूक पुसत नाही. लपत नाही, एवढेच. ज्यांचे पैसे, त्यांना जाऊन सांग. आणि अकरा दिवसांचे व्याज भर."

व्याज! दरसाल दरशेकडा ४ रुपये, बचत खात्याचा दर, असा मी धरला. १३,८५० रुपयांवर अकरा दिवसांचे १६ रुपये ७० पैसे होतात. मी १७ धरले.

सोमवारी मी माझ्या मार्गदर्शकांपुढे सर्व हकीकत ठेवली आणि हिशेब विभागाला पत्र लिहिले. मार्गदर्शक संतापले, मग गप्प झाले, मग त्यांनी पत्रावर सही केली. पुढील तसलमात स्वतंत्र खात्यातच घ्यावी, असा लेखी आदेश मला मिळाला, आणि तो योग्यच होता. सर्वांत मोठी अडचण त्या १७ रुपयांची झाली. ते कोणत्या शीर्षाखाली जमा करावयाचे, हे कारकुनांना ठरवता येईना. "बाई, हे राहू द्या ना," एक वयस्क कारकून म्हणाले. मी म्हटले, "माझे वडील देवस्थानाचे खजिनदार होते." त्यांनी माझ्याकडे पाहिले, काही विचारले नाही, आणि 'इतर जमा' म्हणून पावती फाडली. ती पावती आता आजोबांच्या वहीत आहे.

शिष्यवृत्ती चवथीनंतर, सप्टेंबरच्या अखेरीस आली. त्या वर्षी माटोळीला बाजारातून काही आणले नाही. परसातले आणि डोंगरावरचे जे मिळाले तेच बांधले. आईची ठेव मी पुन्हा केली. पण कोष्टक मात्र मी पहिल्यापासून नव्याने मांडले, आणि ज्यांच्या घरात असेच दोन ओघ एकत्र वाहतात त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून त्याची रीत सांगते.

प्रथम म्हणजे डबे दोन केले. प्रकल्पाच्या पैशाचे खाते निराळे, घरचे निराळे. पाने निराळी असून भागत नाही, पैसा निराळा असावा लागतो. दुसरे, प्रत्येक नोंदीपुढे 'कोणाचा पैसा' असा एक रकाना घातला, आणि घरातून प्रकल्पासाठी काही खर्च करावा लागला, एखाद्या मजुराला अडल्या वेळी द्यावे लागले, तर ती रक्कम 'येणे' म्हणून वेगळ्या पानावर लिहू लागले. उलट दिशेने वाटच ठेवली नाही. तिसरे, मंजूर शिष्यवृत्ती आणि जमा शिष्यवृत्ती ह्यांचे रकाने वेगळे केले. जो पैसा यावयाचा आहे तो शिलकेत धरावयाचा नाही. येणे म्हणजे शिल्लक नव्हे, हे आजोबांना कोणी सांगावे लागले नव्हते. मला पाच महिने लागले. चौथे, बेरजेची सूत्रे ओळींच्या ठराविक हद्दीऐवजी सबंध रकान्यावर लावली, म्हणजे नवी ओळ आली तरी ती बाहेर राहत नाही. पाचवे, लिहिलेली ओळ कधी बदलावयाची नाही. चूक झाली तर खाली नवी ओळ लिहून ती फिरवावयाची आणि कारण नोंदवावयाचे. माझी रेघ ती हीच. प्रत्येक महिन्याच्या अखेरीस त्या पानाची एक प्रत छापून ठेवते, कारण कागदावरचे मागाहून पांढरे होत नाही.

आणि सहावी रीत माझी नव्हे, वडिलांची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी पेडण्यास जाते. संध्याकाळी देवापुढे दिवा लागल्यावर ओसरीवर आम्ही दोघे बसतो. बँकेची दोन पुस्तके त्यांच्या हातात, यंत्र माझ्या पुढ्यात. ते एकेक रक्कम मोठ्याने वाचतात, मी माझ्या पडद्यावर ती शोधून 'होय' म्हणते. डोळे आता अंधुक झाले आहेत. आठ आणि तीन ह्यांत कधी घोटाळा होतो, तेव्हा आई येऊन पाहून जाते. तीन किल्ल्या तीन माणसांकडे का असत, हे मला अशा वेळी उमगते. ती चोरांसाठी केलेली योजना नव्हती. प्रामाणिक माणसाला देखील रात्रीचा एक वाजतो, आणि त्या वेळी आपली किल्ली दुसऱ्या कोणाकडे असलेली बरी.

माझ्या कोष्टकाच्या पहिल्या ओळीतील पहिल्या घरात आता 'श्री' आहे. यंत्राच्या दृष्टीने ते निरर्थक अक्षर. कोणत्याही बेरजेत ते येत नाही. त्याखालच्या ओळीत गेल्या महिन्याची शिल्लक. मुळगावच्या एका शेतात गाळाच्या थराखालून जुनी काळी माती पुन्हा वर येऊ लागली आहे, असे यंदाचे माझे नमुने सांगतात. त्याचे आकडे दुसऱ्या वहीत आहेत आणि तेही मी आता दोघांकडून तपासून घेते.

गेल्या रविवारी वाचन संपल्यावर वडिलांनी दोन्ही पुस्तके मिटली, रबर लावले, आणि नेहमीप्रमाणे विचारले, "ताळो पडलो मगे?"

मी दोन्ही पाने पुन्हा एकदा पाहिली आणि मग सांगितले, "पडलो, बाबा."